पाचच्या आधीचं ऊन

साताऱ्याहून कोलकात्याला आले त्या पहिल्याच डिसेंबरात मी एक साधी चूक केली. मुलाला दुपारी झोपवलं, उठल्यावर दूध दिलं, स्वेटर चढवला, कानटोपी बांधली आणि पाच वाजता खेळायला खाली नेलं. खाली अंधारून आलेलं! आपल्याकडे पाच म्हणजे पोरांच्या खेळण्याची ऐन वेळ. डिसेंबरातही सहापर्यंत सूर्य असतो. इथे तो पाचच्या सुमाराला मावळतो आणि सकाळी सव्वासहाच्या आत उगवलेला असतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण ऊन मात्र साताऱ्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी येतं आणि तासभर आधी निघून जातं. मुलगा जिन्यात उभा राहून रडला. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या महिन्यातल्या कितीतरी दुपारी झोपेत गेल्या नसत्या. म्हणून आईबाबांनो, तुम्हाला सगळ्यात आधी हेच सांगते आहे.

यंदा पूर्वेकडे बदली होऊन आलेले फौजी आईबाप असोत, नोकरीसाठी न्यू टाऊन-सॉल्ट लेकला राहणारी जोडपी असोत की हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला भेटणारी जुनी घरं, मुलं लहान असली की सगळ्यांचं दुखणं एकच. घर लहान, वाहनं फार, ओळखी कमी, आणि आजी-आजोबा दोन हजार किलोमीटरवर. मी बालवाडीची शिक्षिका, नवरा सैन्यात. फोर्ट विल्यमच्या आसऱ्याने काढलेल्या तीन हिवाळ्यांनी मला जे शिकवलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

त्या किल्ल्याचं नाव आता विजय दुर्ग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लष्कराने ते बदललं, आपल्या कोकणातल्या विजयदुर्गावरून. पूर्वीचं सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट झालं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पूर्व कमांडचं मुख्यालय आत आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण किल्ल्यामुळे बाहेर जे राहिलं, ते सगळ्यांचं आहे. १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी हा नवा किल्ला बांधायला घेतला. पुरा व्हायला १७८१ उजाडलं. तोफांना चहूकडे मोकळा मारा मिळावा म्हणून गोविंदपूर गाव उठवलं, जंगल तोडलं. त्यातून झालं ते मैदान. आजही त्याची मालकी लष्कराकडे आहे, म्हणूनच एवढ्या गर्दीच्या शहराच्या मधोमध एवढी जमीन उघडी राहिली. तोफांसाठी मोकळ्या केलेल्या त्या गवतावर आज माझा साडेतीन वर्षांचा मुलगा बकऱ्यांच्या मागे धावतो.

हो, बकऱ्या. मैदानावर कळपच्या कळप चरत असतात आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी त्यासारखी दुसरी करमणूक मी पाहिलेली नाही. घोडेही असतात, पण घोड्यावर बसवण्यापेक्षा तो लांबून पाहू द्या; लहान मुलाला त्याच्या उंचीची भीती वाटते आणि आपण मात्र फोटोसाठी त्याला वर ठेवतो. गवतात शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी दिसला की मुलाला तिथेच खाली बसवा. हा हिवाळी पाहुणा, उत्तरेकडून येतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातो. बंगाली मुलं त्याला खंजन म्हणतात. माझ्या मुलाला त्याची दोन्ही नावं येतात आणि चाल तर हुबेहूब करून दाखवतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी मैदानावर न्यायचं? एवढ्यासाठीच न्यायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. गुरं राखायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. पानं, बिया, दगड, पक्षी हेच तिथलं साहित्य. बालवाडीचं प्रशिक्षण घेताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला मैदानावर कळला, मुलगा वाळलेल्या शेंगा कानाशी धरून एकेक वाजवून बघत होता तेव्हा. वाजणाऱ्या एका बाजूला, न वाजणाऱ्या दुसऱ्या बाजूला. कुणी सांगितलं नव्हतं.

आता थंडीच्या धास्तीविषयी. जानेवारीत कोलकात्याचं दुपारचं तापमान साधारण पंचवीस अंश असतं, रात्री तेरा-चौदापर्यंत उतरतं. ही काही महाबळेश्वरची थंडी नव्हे. तरी पहिला गारवा आला की शहरभर माकडटोप्या निघतात आणि शेजारच्या काकीमा आपल्या मुलाकडे बघून हळहळतात. त्यांची माया खरी आहे, ती घ्यावी; कपडे मात्र आपल्या अंदाजाने घालावेत. एका जाड स्वेटरपेक्षा पातळ तीन कपडे बरे: आत सुती, वर पूर्ण बाह्यांचा, त्यावर काढता येण्याजोगा. धावलं की वरचा काढायचा. मुलाला थंडी वाजते का हे हाताच्या बोटांवरून ओळखू नका, ती गारच असतात. मानेमागे, कॉलरच्या आत हात घालून पाहा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झाले. ओल्या बनियनवर वारा लागला की मूल कुडकुडतं. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत तो एकापासून दुसऱ्याला सहज लागतो. उन्हात खेळणाऱ्या मुलाला आपण ज्या आजाराच्या भीतीने आत ओढतो, तो बहुधा आतच वाट बघत असतो.

मला खरी काळजी आहे ती हवेची, आणि ती लपवून तुम्हाला फक्त 'बाहेर जा' म्हणणं मला जमणार नाही. हिवाळ्यात इथे वारा पडलेला असतो, रात्रीची थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर-धूळ तिच्यात अडकून राहते. पहाटे मैदानावर जे धुकं म्हणून सुंदर दिसतं, त्यात बराचसा धूर असतो. ऊन चढलं, जमीन तापली की हे झाकण उचललं जातं. म्हणून लहानग्यांना घेऊन पहाटे फिरायला जाऊ नका; अकरा ते साडेतीन ही वेळ धरा. प्रदूषण मंडळाचं हवा मोजणारं एक केंद्र फोर्ट विल्यमलाच आहे, दुसरं व्हिक्टोरियाला. मोबाइलवर त्यांचे आकडे दिसतात. हवेचा निर्देशांक शंभरच्या आत असेल तर निश्चिंत जा. दोनशेच्या वर गेला की धावाधाव नको, थोडक्यात आटपा. दमा असलेली किंवा वारंवार छाती भरणारी मुलं असतील तर त्या दिवशी घरीच खेळ मांडा आणि डॉक्टरांचा सल्ला आधीच घेऊन ठेवा. तीनशेच्या वर कुणालाच नेऊ नका.

पण आकडे बरे असतील त्या दिवशी आळस करू नका. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून तीन तास हालचाल व्हावी असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. तैवानमध्ये शाळकरी मुलांच्या डोळ्यांना लवकर चष्मा लागू नये म्हणून २०१० पासून रोज दोन तास उघड्यावर काढण्याची मोहीम चालवली जाते. आपल्याला त्यासाठी शिबिर नको की वर्ग नको. एक चादर, पाण्याची बाटली, जादा चड्ड्यांचा एक जोड, पुसायला ओलं कापड आणि संत्री पुरतात. हिवाळ्यात इथे दार्जिलिंगकडची संत्री येतात. उन्हाकडे पाठ करून ती सोलत बसणं हे बंगाली माणसाचं हिवाळी सुख, आणि नागपूरच्या लोकांनाही त्याला नावं ठेवता येणार नाहीत. साली परत आणायच्या, चूल पेटवायची नाही, एवढं मात्र पाळा.

नदी बघायची तर प्रिन्सेप घाट. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या नावाचा तो खांबांचा मंडप १८४३ चा आणि मागे विद्यासागर सेतू १९९२ चा, हे तुमच्यासाठी. मुलासाठी तिथे चक्ररेल आहे. घाटाला लागूनच गाडी जाते, म्हणून रूळ ओलांडताना बोट नव्हे, मनगट धरा. होडीवाले आग्रह करतात. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट असेल तरच बसा, नसेल तर काठावरून होड्या मोजा. शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला तो अफाट वड एकदा दाखवाच, पण त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

आणि नाताळ, एक जानेवारी हे दोन दिवस टाळा. त्या दिवशी अर्धं कोलकाता बाहेर पडतं. आम्ही एका एक जानेवारीला हौसेने अशाच एका गर्दीच्या ठिकाणी गेलो. रांगेत दीड तास, आत गेल्यावर सगळीकडे माणसंच. मुलाला त्याच्या उंचीवरून गुडघ्यांशिवाय काही दिसत नव्हतं आणि मध्ये चार-पाच मिनिटं तो माझ्या हातून सुटला. एका अनोळखी बाईने त्याला उचलून उंच धरलं, म्हणून नवऱ्याला तो दिसला. ती चार मिनिटं मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असते, आणि सणाच्या दिवशी आम्ही घराजवळच्या गवतावर असतो.

शेवटी बोरन्हाणाचं सांगते. संक्रांतीनंतर मी ते मैदानावर केलं. घरात आटोपशीर करता आलं असतं, पण बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतल्यावर मुलांनी उड्या मारत वेचायला जागा हवी ना! इथल्या चार बंगाली मैत्रिणींना मुलांसह बोलावलं. ओतण्यापर्यंत सगळं हसत झालं. मग माझा मुलगा बोर खाऊ लागला आणि मिष्टी नावाची शेजारची चार वर्षांची मुलगी बोरं हातात घेऊन नुसती उभी राहिली. तिची आई म्हणाली, सरस्वती पूजेच्या आधी आमच्यात बोर खात नाहीत, देवीला वाहिल्यावरच. मिष्टीने ती सात-आठ बोरं फ्रॉकच्या खिशात घालून घरी नेली आणि वसंत पंचमीपर्यंत सांभाळली. तोवर ती सुकून गेली होती. मला फार वाईट वाटलं.

बोरन्हाण आपल्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, आणि रथसप्तमी वसंत पंचमीनंतर दोनच दिवसांनी येते. पुढच्या वर्षी आम्ही रथसप्तमीचा मुहूर्त धरला. बारा वाजता चादर घातली, सूर्य डोक्यावर होता, आणि मराठी-बंगाली सगळी पोरं एकत्र बोरं खात होती. तुम्हीही तोच दिवस धरा. पाच वर्षांखालच्यांसाठी बोरांतल्या बिया काढून गर हातात द्या, हरभरे, शेंगदाणे आणि उसाचे करवे त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा, ते घशात अडकतात. शेजारच्या मुलांना आठवणीने बोलवा. आणि साडेतीनला आवरायला घ्या. रथसप्तमीपर्यंत इथला दिवस थोडा लांबलेला असतो, पण मुलांना घरी पोचून हात-पाय धुवायलाही वेळ लागतो.