आकाशवाचन : हवामानाच्या वहीपासून वैमानिकाच्या परवान्यापर्यंत

विमान चालविण्याची विद्या यंत्रापासून सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती आकाशापासून सुरू होते. इंजिन उत्तम आहे, इंधन पुरेसे आहे, चालकाचा हात सरावलेला आहे आणि तरीही आज उड्डाण करू नये, असा निर्णय ज्याला घेता येतो तोच वैमानिक होय. हा निर्णय हवामान वाचता आल्याशिवाय घेता येत नाही, आणि हे वाचन शिकण्यास विमान लागत नाही. एक वही, दोन तापमापक आणि रोजची दहा मिनिटे एवढ्यावर त्याचा प्रारंभ करता येतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तर ठरावीक वेळी उठण्याची व ठरावीक वेळी काम करण्याची सवय आधीच लागलेली असते. या लेखात त्या वहीचा आणि परवान्याच्या अभ्यासाचा परस्परसंबंध क्रमाने पाहू.

हौशी निरीक्षकांची परंपरा

हवामानशास्त्राचा पाया मोठ्या प्रमाणावर हौशी माणसांनी घातला आहे. ढगांना आज आपण जी शास्त्रीय नावे देतो त्यांचा आराखडा ल्यूक हॉवर्ड याने १८०२ साली लंडनमधील एका व्याख्यानात मांडला. हॉवर्ड व्यवसायाने औषधे तयार करणारा होता. तंतूंसारखे ते सिरस, राशीसारखे ते क्युम्युलस, थरासारखे ते स्ट्रेटस, ही त्याची तीन मूळ नावे आजही जगभर चालतात.

दुसरे उदाहरण जॉन डाल्टनचे. अणुसिद्धान्तामुळे त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येते. तो इंग्लंडमधील एका गरीब विणकराचा मुलगा. १७८७ साली त्याने हवामानाची रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला आणि १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ५७ वर्षे, ती चालविली. हवा, बाष्प व वायू यांच्या या दीर्घ निरीक्षणातूनच त्याचे मन पदार्थाच्या घटनेकडे वळले. साधी नोंदवही माणसाला किती दूर नेऊ शकते याचे हे बोलके उदाहरण आहे.

आपल्या देशात भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील त्या कार्यालयाला जुने पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते यामुळेच. १९४८ साली अॅना मणी या विभागात दाखल झाल्या. परदेशातून मागवावी लागणारी हवामानाची उपकरणे भारतातच, प्रमाणबद्ध रीतीने तयार व्हावीत यासाठी त्यांनी पुण्यात मोठे कार्य केले. उपकरणाचे माप चुकीचे असेल तर त्यावर उभारलेला अंदाजही चुकणार, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते.

वही कशी ठेवावी

नोंद रोज एकाच वेळी करावी. आपल्याकडे सकाळी ८ वाजून ३० मिनिटे ही वेळ सोयीची, कारण हवामान विभागाचा पर्जन्याचा दिवसही याच वेळी संपतो व नवा सुरू होतो. वहीत सहा रकाने आखावेत.

१. तापमान : तापमापक उन्हात टांगू नये. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर तो ठेवावा. पेटीचे दार उत्तरेकडे असावे, म्हणजे दार उघडताना ऊन आत येत नाही.
२. ओल्या तापमापकाचे वाचन : दुसऱ्या तापमापकाच्या गोळ्यावर मलमलीची ओली पट्टी गुंडाळावी. दोन वाचनांतील फरकावरून, तक्त्याच्या साहाय्याने, आर्द्रता व दवबिंदू काढता येतो.
३. वारा : तो जिकडून येतो ती दिशा लिहावी. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा.
४. ढग : आकाशाचे आठ समान भाग कल्पून त्यांपैकी किती भाग झाकले आहेत ते लिहावे. ढगांचा प्रकारही नोंदवावा.
५. दृश्यता : अंतर ठाऊक असलेल्या तीन-चार खुणा निवडाव्यात : पाण्याची टाकी, कारखान्याची चिमणी, दूरची टेकडी. कोणती खूण स्पष्ट दिसते यावरून दृश्यता ठरते.
६. पाऊस व वायुभार : पाऊस सरळ भिंतीच्या भांड्यात मिलिमीटरमध्ये मोजावा. वायुभार आता अनेक मोबाइल फोनमध्येही पाहता येतो.

या सहा रकान्यांपुढे सातवा रकाना अवश्य असावा : ‘उद्याचा माझा अंदाज’. दुसऱ्या दिवशी तो प्रत्यक्षाशी ताडून पाहावा. बरोबर आला की चूक, हे त्याच शाईने लिहावे. स्वतःच्या अंदाजाची अशी तपासणी करण्याची सवय हीच या वहीची खरी कमाई आहे.

महिनाभर वायुभार दर दोन तासांनी पाहिल्यास एक मौज दिसेल. आकाश निरभ्र असले तरी वायुभार सकाळी १० च्या सुमारास सर्वाधिक असतो, दुपारी ४ च्या सुमारास घटतो, रात्री १० ला पुन्हा चढतो आणि पहाटे पुन्हा उतरतो. उष्ण कटिबंधातील ही रोजची भरती-ओहोटीच आहे. म्हणून दुपारी वायुभार उतरला एवढ्यावरून वादळाची भीती बाळगू नये. काल याच वेळी तो किती होता, हे पाहावे.

परवान्याचा अभ्यास

भारतात खाजगी वैमानिकाचा परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वय किमान १७ वर्षे आणि शिक्षण दहावी उत्तीर्ण एवढी अट आहे. शिकाऊ परवाना १६ व्या वर्षी मिळू शकतो. वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. वायुनियम, मार्गनिर्धारण, विमान-हवामानशास्त्र, तसेच विमान व इंजिन यांची लेखी परीक्षा द्यावी लागते. प्रत्यक्ष उड्डाण किमान ४० तासांचे हवे. त्यांत किमान २० तास एकट्याने केलेले असावेत. एकट्याने करावयाच्या लांब उड्डाणात किमान १५० सागरी मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर अंतर कापून वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावे लागते. महाराष्ट्रात बारामती, धुळे व गोंदिया येथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते.

या अभ्यासातील हवामानाचा भाग विद्यार्थ्यांना अवघड वाटतो, कारण बहुतेक जण तो पाठ करतात. ज्याने वर्षभर वही ठेवली आहे त्याला तो ओळखीचा वाटतो. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण : ढगाचा तळ

जमिनीजवळची हवा वर चढू लागली की थंड होते. दर हजार फुटांस तिचे तापमान सुमारे ३ अंशांनी उतरते. तिचा दवबिंदू मात्र केवळ अर्ध्या अंशाने उतरतो. म्हणजे दोहोंमधील अंतर हजार फुटांत सुमारे अडीच अंशांनी मिटते. ज्या उंचीवर ते पूर्ण मिटते तेथे बाष्पाचे थेंब होतात, आणि तोच राशीमेघाचा तळ. यावरून सोपा नियम निघतो : तापमान व दवबिंदू यांतील फरकास ४०० ने गुणावे, तळाची उंची फुटांत मिळते. समजा, कोरडा तापमापक ३० अंश व ओला २६ अंश दाखवितो. तक्त्यावरून दवबिंदू सुमारे २५ निघतो. फरक ५, ढगाचा तळ सुमारे २,००० फूट. अंगणातील दोन तापमापकांनी आकाशातील उंची सांगितली!

दुसरे उदाहरण : उन्हाळ्यातील दुपार

हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची शक्तीही घटते. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरतात व दर हजार फुटांस ते सुमारे २ अंशांनी कमी करतात. त्यानुसार २,००० फुटांवरील धावपट्टीचे प्रमाण तापमान ११ अंश. एप्रिलच्या दुपारी तेथे ३९ अंश असतील तर वाढ २८ अंशांची झाली. प्रत्येक अंशाला १२० फूट या हिशेबाने ३,३६० फूट मिळवावेत. विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जणू ५,३६० फुटांवर आहे. सकाळी सहज उचलले जाणारे विमान दुपारी धावपट्टीचा शेवट जवळ आला तरी जड वाटते ते यामुळे.

तिसरे उदाहरण : विमानतळाचा हवामान-संदेश

विमानतळावरून ठरावीक वेळाने प्रसिद्ध होणाऱ्या सांकेतिक संदेशाला ‘मेटार’ म्हणतात. सरावासाठी कल्पिलेला मुंबईचा एक संदेश सोप्या भाषेत असा : ‘१२ तारीख, जागतिक वेळ ०३००, वारा २४० अंशांवरून ८ नॉट, दृश्यता ४,००० मीटर, धुरकट, २,००० फुटांवर विखुरलेले ढग, तापमान ३०, दवबिंदू २५, वायुभार १००६ हेक्टोपास्कल.’ जागतिक वेळेत साडेपाच तास मिळविले की आपली सकाळची ८.३० ची वेळ येते. ‘विखुरलेले’ म्हणजे आठांपैकी तीन-चार भाग झाकलेले. पाहा, आपल्या वहीतील रकानेच येथे दुसऱ्या वेषात आले आहेत.

आता प्रश्न असा : या हवेत नवा वैमानिक छोटे विमान घेऊन मुंबईहून पुण्यास निघू शकेल काय? पाऊस नाही, वारा मंद आहे, गडगडाट नाही. तरीही उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. खाजगी परवानाधारक सामान्यतः बाहेर पाहूनच विमान चालवितो. अशा उड्डाणास नियमाप्रमाणे किमान ५ किलोमीटर दृश्यता लागते. येथे ती ४ च आहे. दुसरे कारण भूगोलाचे आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर, म्हणजे २,००० फुटांहून किंचित उंच आहे. मुंबईवर ज्या उंचीवर ढगाचा तळ आहे, त्याच उंचीवर घाटमाथा उभा आहे. पावसाळ्यात रेल्वेने बोरघाट चढताना खिडकीबाहेर जे ‘धुके’ दिसते तो बहुधा ढगच असतो. रेल्वे रुळांवरून निर्धास्त जाते. वैमानिकासाठी मात्र त्या ढगात डोंगर दडलेला असतो.

परत फिरण्याची विद्या

ढगात शिरल्यावर काय होते? १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. केवळ यंत्रांकडे पाहून विमान चालविण्याचा अनुभव नसलेले २० जण निवडण्यात आले व त्यांना बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था करण्यात आली. विसांपैकी प्रत्येकाचा विमानावरील ताबा सुटला. त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे पुरती तीन मिनिटेही नव्हेत. सोबत प्रशिक्षक असल्यामुळे सर्व सुखरूप राहिले.

यात त्या माणसांचा भित्रेपणा नव्हता. आपला तोल कानातील द्रवाच्या हालचालीवर अवलंबून असतो. वळण हळूहळू व सतत चालू राहिले की तो द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ जात आहोत असे मनाला वाटू लागते. जमीन दिसत नसेल तर ही फसवणूक उघड करणारे बाहेर काहीच उरत नाही. याच प्रयोगात त्या मंडळींना नंतर एक साधी कृती शिकविण्यात आली : यंत्रांकडे पाहून सावकाश १८० अंशांत वळणे आणि आलो त्या मार्गाने बाहेर पडणे. तेवढ्या शिक्षणानंतर जवळजवळ सर्व प्रयत्न यशस्वी झाले. मात्र सर्वांत सुरक्षित वळण ढगात शिरण्यापूर्वीचे, आणि त्याहून सुरक्षित निर्णय धावपट्टीवरचा.

हा निर्णय कठीण का जातो? विमानाचे भाडे भरलेले असते, पलीकडे कोणीतरी वाट पाहत असते, परत गेल्यास लोक काय म्हणतील ही धास्ती असते. हवामान यांपैकी कशाचीही दखल घेत नाही. ज्याने शेकडो दिवस स्वतःचे अंदाज चुकताना पाहिले व तसे प्रामाणिकपणे लिहिले, त्याला ‘आज नको’ म्हणताना कमीपणा वाटत नाही. वहीतील सातवा रकाना येथे उपयोगी पडतो.

पालकांसाठी दोन शब्द

उड्डाणाचे शिक्षण महाग आहे. त्याला काही लाख रुपये लागतात. शिवाय खाजगी परवान्यावर मोबदला घेऊन विमान चालविता येत नाही. उपजीविकेसाठी व्यावसायिक परवाना लागतो, त्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित असण्याची अट चालत आलेली आहे. म्हणून ज्या पाल्याला ही ओढ आहे त्याच्याशी दहावीनंतरच्या विषयांबद्दल वेळीच बोलावे. मात्र वहीला खर्च नाही. ती ठेवणारे सगळेच वैमानिक होणार नाहीत. कोणी हवामान-निरीक्षक होईल, कोणी शेतीचे नियोजन अधिक डोळसपणे करील. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतल्यास शाळेच्या आवारात एक पांढरी पेटी व एक पर्जन्यमापक उभे करणे अवघड नाही. नोंदी एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे गेल्या तर दहा वर्षांनी आपल्या गावाच्या हवेचा एक विश्वसनीय दस्तऐवज शाळेजवळ असेल.

स्वाध्याय

१. तापमान ३४ अंश व दवबिंदू १९ अंश असल्यास ढगाचा तळ किती उंचीवर असेल?
२. २,००० फुटांवरील धावपट्टीवर तापमान २५ अंश असल्यास विमानाच्या दृष्टीने तिची उंची किती?
३. आपल्या परिसरातील तीन खुणांची अंतरे नकाशावरून काढा व सात दिवस सकाळची दृश्यता नोंदवा. पाऊस पडून गेल्यावर ती का वाढते याचा विचार करा.

उत्तरे : (१) ६,००० फूट. (२) ३,६८० फूट. (३) आपापल्या वहीतून.