टिलर दगडावर उड्या मारतो, काय करावं?

प्रश्न: घरामागे चार गुंठे मुरमाड जागा आहे. भाजीपाल्यासाठी 52 सीसीचा दोन-स्ट्रोक पॉवर वीडर घेतला. तो जमिनीत शिरण्याऐवजी उड्या मारतो, दगड पात्यांत अडकतो आणि रोटरची पिन तुटते. दोन महिन्यांत तीन पिना गेल्या. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, पिनेच्या जागी हाय-टेन्साइल बोल्ट टाका, पात्यांच्या टोकांवर वेल्डिंगचा थर चढवा आणि पुढे वजन बांधा. करू का?
(एक वाचक, ता. पुरंदर)

उत्तर: बोल्ट तर अजिबात टाकू नका. ती पिन तुटते म्हणूनच तुमचा टिलर अजून शाबूत आहे. घरातला फ्यूज जसा, तशी ही पिन. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 4.6 असे आकडे कोरलेले असतात. त्यातला पहिला आकडा ताण सोसण्याची ताकद सांगतो: 8 म्हणजे चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, 4 म्हणजे 400. नरम पिनेच्या जागी 8.8चा बोल्ट घातला की पाती दगडाला अडल्यावर बसणारा धक्का सरळ गिअरबॉक्समध्ये जातो. या आकाराच्या बऱ्याच टिलरमध्ये स्क्रूसारखा पोलादी वर्म आणि त्यावर फिरणारं पितळी दात्यांचं चाक असतं. बळी जातो तो त्या दात्यांचा. ही चूक मी स्वतः केलेली आहे. गिअरबॉक्स उघडला तेव्हा बोटाला लागलेलं तेल सोनेरी चमकत होतं. ती दात्यांची पूड होती. पिन शंभराच्या आत येते, ते चाक हजारात जातं. तेव्हा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलीच पिन वापरा आणि दोन-चार खिशात ठेवा.

आता जमिनीकडे वळू, कारण खरं दुखणं तिथे आहे. आपल्याकडचा मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला काळा दगड, बेसॉल्ट. तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा बाहेरून आत सुटत जातो आणि मधला गाभा टणक गोटा होऊन राहतो. म्हणजे तुमच्यापुढे अडथळे दोन आहेत: वाळून घट्ट बसलेला मुरूम आणि त्यात रुतलेले गोटे. टिलर पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्यावर पहारच लागते, आणि हे आधी मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

मशीन सुरू करण्याआधी एक मीटर रुंद, तीन मीटर लांब असा पट्टा आखा. बारा मिलिमीटरची सळई घेऊन दर फुटावर वीतभर खोल दाबून बघा. मुरमात ती खसकन जाते, गोट्याला लागली की टणकन वाजते आणि मनगटाला झिणझिण्या येतात. वाजेल तिथे चुन्याचा ठिपका द्या. ठिपके दाट दिसले तर तिथे गादीवाफा करून वरून माती भरणं हेच शहाणपणाचं. विरळ असतील तर तेवढे गोटे पहारीने उचकटून काढा. मुठीपेक्षा लहान खडे मात्र राहू द्या. ते पात्यांतून निसटतात, आणि जमिनीवर पसरलेले खडे ओल टिकवतात.

दुसरी गोष्ट वाफशाची. वाळलेल्या मुरमात गोटा सिमेंटमध्ये बसवल्यासारखा असतो. तोच मुरूम वाफशावर असला की पात्याच्या धक्क्याने गोटा जागचा हलतो. मुरमातून पाणी लवकर निचरतं, म्हणून इथला वाफसा काळ्या रानापेक्षा लवकर येतो आणि लवकर जातोही. पाऊस नसेल तर आदल्या संध्याकाळी पट्टा भिजवा.

मग मशीनमधले बदल. पहिला बदल फुकटातला: दोन्ही बाजूंची बाहेरची पाती काढून ठेवा. रुंदी निम्मी होते, पण मशीनचं सगळं वजन उरलेल्या पात्यांवर येतं आणि ती आत शिरतात. वजन बांधून जे साधायचं होतं ते यातच बरंचसं साधतं. गोटे निघायच्या आधी जादा वजन बांधलं, तर मशीन दगडावर तेवढंच चढेल आणि तेवढ्याच जोराने आपटेल. दुसरा बदल मागच्या, जमिनीत रुतणाऱ्या दांड्याचा. त्याचं टोकदार खालचं टोक दोन दगडांमध्ये अडकतं आणि हँडल छातीकडे उसळतं. मी त्याला सहा मिलिमीटर जाडीची, चार इंच रुंदीची पट्टी जोडून घेतली, पुढची कड होडीच्या नाळेसारखी वर वळवून. ती दगडावरून घसरत जाते आणि खोली दोन-तीन इंचांवर बांधून ठेवते. दांडा रुतेनासा झाल्याने मशीन मागे ओढून धरायचं काम मात्र हातांवर येतं. पहिला फेरा एवढाच उथळ घ्या, सुटलेले गोटे वेचा, मग आडवा दुसरा फेरा.

पात्यांवर थर चढवू नका. ती कडक केलेल्या पोलादाची असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतचा भाग ठिसूळ होतो आणि दगडाला लागल्यावर तिथूनच तुकडा उडतो. आकार बदलण्यात जास्त फायदा आहे. इंग्रजी एल अक्षरासारखं पातं गवत कापायला उत्तम. ते ऑस्ट्रेलियाच्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्डने रूढ केलं. 1912 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथल्या शेतावर त्याचे प्रयोग सुरू झाले आणि 1920 मध्ये पेटंट घेतलं गेलं. दगडात मात्र त्या पात्याचा आडवा पाय गोट्याखाली गुंततो. त्याच्याही आधी स्वित्झर्लंडच्या कोनराड फॉन मायेनबुर्गने स्प्रिंगवर बसवलेले आकडे वापरले होते. दगड आला की आकडा मागे सरायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. माझ्या मते दगडाळ रानासाठी तोच विचार बरोबर होता. तुमच्या मॉडेलला बसणारी टोकदार, वक्र पाती मिळाली तर ती घ्या. लोहाराकडून ट्रकच्या कमानपट्ट्याची करून घेणार असाल तर पाणी कसं देणार ते आधी विचारा. हे पोलाद तेलात विझवून पुन्हा मंद तापवावं लागतं, नाहीतर ते काचेसारखं तुटतं. शिवाय डावं-उजवं पातं वजनाला सारखं हवं.

राहिला वेग. दगडाळ जागेत मशीन हळू चालवा, असं सगळे सांगतात. गिअरच्या मोठ्या मशीनला ते लागू आहे. तुमच्याकडे बहुधा सेंट्रिफ्यूगल क्लच असेल. तो कमी रेसवर अर्धवट धरतो, घसरतो आणि जळतो. तेव्हा रेस पुरती द्या आणि खोली कमी ठेवा. दगड अडकला की ताबडतोब रेस सोडा, इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगची टोपी काढा. त्यानंतरच पात्यांत हात घाला. अडकलेला दगड सुटताना रोटर फिरतो. त्या क्षणी इंजिनही फिरलं आणि प्लग जोडलेला असला, तर ते एक ठिणगी टाकू शकतं.