शेत विकण्याआधी: लिव्हरपर्यंत गेलेला पोटाचा कॅन्सर आणि ऑपरेशनचा खर्च

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडे पोटाचा कॅन्सर निघाला की घरात लगेच पैशांची जुळवाजुळव सुरू होते. ‘ऑपरेशन करून टाकू, एकदाची गाठ निघू दे.’ रोग लिव्हरपर्यंत गेला असेल तर ही घाई महागात पडते.

पोटाचा कॅन्सर पसरलेल्या, जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरमधल्या १७५ रुग्णांवरचा ‘रेगाटा’ अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती केमो घेतलेल्यांपैकी ३१.७ टक्के दोन वर्षांनी हयात होते. आधी जठर काढून मग केमो घेतलेल्यांपैकी २५.१ टक्के. म्हणून सुरुवात केमोनेच होते. लिव्हरमध्ये एखाद-दुसरीच गाठ, बाकी कुठे रोग नाही आणि केमो चांगली लागू पडली, तरच ऑपरेशनचा विचार. असे रुग्ण थोडेच. रक्तस्राव थांबेना किंवा अन्न खाली उतरेना तर कापावे लागते, पण ते त्रास कमी करण्यासाठी. रोग त्याने जात नाही.

बायोप्सीचा मेणातला ब्लॉक आणि काचा मागून घ्या. केमोआधीची हर-टू प्रथिनाची तपासणी त्याच ब्लॉकवर होते. तो हाती नसेल तर पुन्हा दुर्बीण, पुन्हा बिल.

‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’मध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंतच. खासगीत जायचे तर आधी सरकारी दवाखान्याचे रेफरल पत्र घ्या, बीदरकरांनी ब्रिम्स या सरकारी रुग्णालयातून. बेंगळुरूच्या किडवई कॅन्सर संस्थेचे केंद्र कलबुर्गीतच आहे. केमोसाठी दर खेपेला बेंगळुरू गाठायलाच हवे असे नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला. सोलापूर, बार्शी, लातूर आपल्याला जवळ. पण गाव यादीत आहे का, कागद कोणते लागतील, हे निघण्याआधीच योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचे भाडे पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. दवाखान्याचा दाखला मात्र रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातच हवा.

एवढे होऊनही ऑपरेशन ठरले, तर एस्टिमेट लेखी घ्या. आयसीयूचे दिवस, रक्त आणि आतडी जोडायचा स्टेपलर पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, ते त्यात लिहून मागा. स्टेपलरच्या बिलाने भलेभले चक्रावतात.