लहान न्हाणीघर प्रशस्त कसे करावे

खेड्यातील घर बांधताना देवघर, स्वयंपाकघर, धान्याची कोठी, गोठा या सर्वांचा विचार होतो. न्हाणीघराच्या वाट्याला मात्र शेवटी उरलेला कोपरा येतो. परसदारी चार फूट लांब व तेवढीच रुंद जागा आडोशाला घेऊन वर दोन पत्रे टाकले की न्हाणी झाली, असे समजले जाते. पुष्कळ जुन्या घरांत तर स्वतंत्र न्हाणीघर नसतेच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील मोरीवर पडदा ओढून स्नान उरकावे लागते. पुरुष मंडळी विहिरीवर किंवा शेतातील पंपाच्या धारेखाली अंघोळ करू शकतात, म्हणून त्यांना ही अडचण फारशी जाणवत नाही. ती सोसावी लागते घरातील स्त्रियांना, वृद्धांना आणि आजाऱ्यांना. न्हाणीत कोरडी जागा नसल्यामुळे ओल्या अंगावर साडी गुंडाळून बाहेर यावयाचे आणि मग घरात आडोसा शोधून ती नीट नेसावयाची, असा प्रकार आजही अनेक घरांतून चालतो. घरात चार माणसे जागी होण्यापूर्वी अंघोळ उरकण्याची स्त्रियांची जी घाई असते, तिचे एक कारण हेही आहे.

न्हाणीघर मोठे करावयाचे म्हणजे भिंत पाडून पुढे सरकवावयाची, एवढाच उपाय सहसा सुचतो. त्यास पैसा लागतो आणि गावठाणातील दाट वस्तीत पुढे सरकण्यास जागाही नसते. परंतु आहे त्याच न्हाणीघराचे नीट निरीक्षण केल्यास असे दिसून येईल की, निम्मी जमीन पिंप, बंब, सरपण व कपडे धुण्याचा दगड यांनी अडविलेली असते; उरलेल्या जागेत उजेड नसतो; आणि त्या जागेवरही पाणी साचून राहते. या तीन गोष्टी दूर केल्या तर त्याच चार भिंतींत माणसास मोकळेपणाने वावरता येते.

प्रथम मोजमाप

कोणताही बदल करण्यापूर्वी न्हाणीची आतील लांबीरुंदी मोजून तेवढाच चौकोन अंगणात राखेने आखावा. त्यात पिंप, बंब, पाट व बादली प्रत्यक्ष मांडावीत आणि घरातील कर्त्या स्त्रीस त्यात बसून हात दोन्ही बाजूंना पसरून पाहण्यास सांगावे. कोणती वस्तू आड येते हे पाच मिनिटांत कळते, आणि मग कागदावरील नकाशा समजावून सांगण्याची गरज राहत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. तो करताना सल्ला घरातील स्त्रियांचा घ्यावा; न्हाणीचा उपयोग त्या रोज करतात, आणि घरधन्याला पिंप नेमके कोठे ठेवले आहे हेही पुष्कळदा सांगता येत नाही.

पाटावर बसून अंघोळ करणाऱ्या माणसाला तीन फूट लांब व तीन फूट रुंद जागा पुरते. अंग पुसून कपडे बदलण्यास आणखी दोन फूट कोरडी जागा हवी. राष्ट्रीय इमारत संहितेने स्नानगृहासाठी किमान १.८ चौरस मीटर क्षेत्रफळ व १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. म्हणजे ढोबळमानाने चार फूट रुंद व पाच फूट लांब न्हाणी झाली. नवे बांधकाम करावयाचे असेल तर यापेक्षा कमी जागा धरू नये. आपल्याकडील घरांना याखेरीज आणखी एक माप लावून पाहणे इष्ट आहे. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून दोन्ही पाय लांब करते व त्या पायांवर मूल घेते. तिच्या पाठीमागे भिंत आणि पायांपुढे थोडी मोकळी जागा धरता, न्हाणीची एक बाजू तरी पाच फूट मोकळी असावी लागते.

या मापाची आठवण मुद्दाम देण्याचे कारण असे की, लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार म्हणून एका शेतकऱ्याने न्हाणीची भिंत पाडण्याचे ठरविले होते. न्हाणी पाच फूट लांब व चार फूट रुंद होती. तरीही त्यात न्हाऊ घालणारीस पाय पसरता येणार नाहीत, अशी घरच्या मंडळींची तक्रार होती, आणि ती खरी होती. कारण एका कोपऱ्यात दोनशे लिटरचे पिंप होते, दुसऱ्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता, आणि दार आत उघडत होते. पिंप व बंब भिंतीबाहेर नेले, दाराच्या बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असे केले. भिंत पाडावी लागली नाही.

पाणी भिंतीबाहेर, तोटी आत

दोनशे लिटरचे पिंप सुमारे दोन फूट व्यासाचे असते. कोपऱ्यात ठेवले म्हणजे ते चार चौरस फूट जागा घेते. सोळा चौरस फुटांच्या न्हाणीत हा चौथा हिस्सा झाला. हे पिंप न्हाणीच्या भिंतीलगत बाहेरच्या बाजूस दोन फूट उंचीच्या दगडी ओट्यावर ठेवावे, बुडाजवळून नळी काढून भिंतीतून आत घ्यावी व जमिनीपासून दीड फुटावर तोटी बसवावी. तोटीखाली बादली सहज राहते. भरलेल्या पिंपाचे वजन दोनशे किलोंहून अधिक होते, यास्तव ओटा भक्कम बांधावा. मातीच्या भिंतीवर त्याचा भार टाकू नये.

ही व्यवस्था जेथे नळाची नळी थेट पिंपात सोडता येते तेथेच सोयीची आहे. जेथे डोक्यावरून हंडे आणून पाणी भरावे लागते, तेथे पाच फूट उंचीवर हंडा उपसून ओतणे हे स्त्रियांच्या पाठीवर नवे ओझे लादणे होईल. अशा घरी दीड फूट उंच ओट्यावर तीन फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट खोल असा हौद बांधावा. त्याचा काठ कमरेइतका येतो व त्यात सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. तोटी अर्थातच थोडी खाली येईल. तेवढ्यासाठी बुटकी बादली वापरावी.

पिंप असो वा हौद, त्यास घट्ट झाकण पाहिजे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस साठवण पूर्ण रिकामी करून, आतून घासून कोरडी करावी.

बंब बाहेर नेण्याचे कारण केवळ जागेचे नाही. बंद न्हाणीत लाकूड किंवा कोळसा जळत राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्यास रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि दार उघडण्याचेही भान राहत नाही. अलीकडे खेड्यांतूनही बसविल्या जाणाऱ्या गॅसच्या गीझरला हेच लागू आहे. थंडीच्या दिवसांत झरोका बोळ्याने बुजवून गीझर चालू ठेवण्याची सवय प्राणघातक ठरते. गॅसचा गीझर न्हाणीबाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत आणावी. यात तडजोड करू नये. जागा मोकळी होते हा त्याचा दुय्यम लाभ समजावा.

उजेड, रंग व कोनाडे

अंधारी जागा आहे त्याहून लहान वाटते. न्हाणीला खिडकी ठेवण्यास लोक नाखूष असतात, कारण आडोसा मोडतो. तेव्हा उजेड वरून घ्यावा. कौलारू छपरात एकदोन कौले काढून त्या जागी काचेची कौले बसवावीत; पत्र्याचे छप्पर असेल तर एक पत्रा अर्धपारदर्शक घालावा. याशिवाय जमिनीपासून सहा फुटांच्या वर, फूटभर उंच व दीड फूट रुंद असा झरोका समोरासमोरच्या भिंतींत ठेवल्यास हवा खेळती राहते व भिंती लवकर वाळतात. पहाटे अंघोळ करणाऱ्यांसाठी दिवा हवाच. तो पाणी उडणार नाही अशा उंचीवर, दाराच्या वर लावावा आणि त्याचे बटण न्हाणीबाहेर ठेवावे. न्हाणीवर माळा करून त्यात सरपण व गोवऱ्या भरण्याची पद्धत सोडून द्यावी. छत डोक्याशी आले की माणूस आपोआप वाकून वावरतो.

भिंतींना पांढरा चुना द्यावा, त्यात थोडी नीळ घालावी. मळ दिसू नये म्हणून गडद हिरवा वा तांबडा तेलरंग देण्याची काही ठिकाणी आवड आहे, परंतु त्याने न्हाणी कोंदट दिसते आणि मळ दिसत नाही म्हणून तो निघतही नाही. चुना स्वस्त असून दरवर्षी दिवाळीपूर्वी पुन्हा देता येतो. मातीची भिंत असल्यास खालचे तीन फूट शहाबादी फरशा उभ्या लावून घ्याव्यात. चिनी मातीच्या फरशा बसविण्याची ऐपत असेल तर त्या फिक्या व एकाच रंगाच्या घ्याव्यात. निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढले की भिंत तुकड्यातुकड्यांची दिसते. लहानसा आरसा झरोक्यासमोरच्या भिंतीवर लावल्यास उजेड परततो.

साबण, तेल, शिकेकाई, दाढीचे सामान या वस्तू जमिनीवर मांडलेल्या असतात. जुन्या दीड फूट जाडीच्या भिंतींत कोनाडे असत व ही अडचण येत नसे. आजच्या चार वा सहा इंची विटांच्या भिंतीत कोनाडा कोरू नये, भिंत कमकुवत होते. तेथे कोपऱ्यात कडप्प्याचा त्रिकोणी तुकडा बसवावा आणि त्यास पुढे किंचित उतार द्यावा, म्हणजे साबण पाण्यात भिजत राहणार नाही. कपड्यांसाठी डोक्यावरून आडवी दोरी बांधण्याऐवजी दाराच्या बाजूच्या भिंतीवर, पाण्यापासून दूर, खुंट्या माराव्यात.

दार व जमीन

दोन फूट रुंदीचे दार आत उघडत असेल तर ते फिरण्यासाठी तीन चौरस फुटांहून अधिक जमीन रिकामी ठेवावी लागते. दार बाहेर उघडणारे असावे. याचे दुसरेही कारण आहे. म्हातारे माणूस आत घसरून दाराला टेकून पडले, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. लाकडी दाराचा खालचा भाग भिजून फुगतो. त्यावर पत्रा ठोकावा व जमिनीपासून इंचभर अंतर ठेवावे. वृद्धांसाठी बसल्या जागेवरून हाताशी येईल असा लोखंडी गज भिंतीत पक्का रोवून घ्यावा.

जमिनीचा उतार हा भाग गवंड्यावर सोडून देऊ नये. चार फूट लांबीला निदान एक ते दीड इंच उतार पाहिजे, आणि तो दाराकडून मोरीच्या तोंडाकडे असावा. फरशी बसविल्यावर गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी एक बादली पाणी ओतून पाहावे. पाणी कोठेही थांबता कामा नये. उतार बरोबर असेल तर दाराजवळचे दोन फूट कोरडे राहतात व साडी नेसण्यास तीच जागा उपयोगी पडते. उतार चुकला की न्हाणी कितीही मोठी असली तरी उभे राहण्यापुरता एकच कोपरा उरतो. घासून गुळगुळीत केलेली फरशी दिसावयास चांगली, पण ओली झाली की घसरते. खरखरीत शहाबादी घ्यावी. कोणत्या दिशेला मोरी काढावी असे पुष्कळजण विचारतात. घराच्या पायापासून पाणी दूर जाईल ती दिशा घ्यावी.

सांडपाणी

मोरीच्या तोंडाशी जाळी व त्यापुढे पाण्याचा अडसर राहील असा वाकडा नळ बसविल्यास दुर्गंधी व झुरळे आत येत नाहीत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. सहा माणसांच्या घरात ते ३३० लिटर होते, आणि त्यातील बराच मोठा भाग न्हाणी व मोरीतूनच बाहेर पडतो. ते गल्लीत सोडले तर डबकी होऊन क्यूलेक्स जातीचे डास वाढतात व शेजाऱ्यांशी तंटे होतात.

मुरमाड किंवा पाणी जिरणाऱ्या जमिनीत एक मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घ्यावा. तो दगडगोट्यांनी भरावा. मोठे दगड खाली, लहान वर. खड्ड्यात जाण्यापूर्वी पाणी एका लहान टाकीतून न्यावे, म्हणजे केस, साबणाचा साका व माती तेथेच बसेल. विहीर वा हातपंपापासून खड्डा निदान पन्नास फूट लांब असावा. काळ्या चिकण जमिनीत शोषखड्डा लवकर तुंबतो, आणि तुंबलेले पाणी उलटून पुन्हा न्हाणीत साचते. तेथे पाणी उथळ चरातून परसबागेत न्यावे व चराच्या कडेने केळी, कर्दळ, अळू लावावे. केळीस पाणी भरपूर लागते व ती साबणाचे थोडे पाणी सहन करते. कोथिंबीर, मुळा, पालक यांसारख्या कच्च्या खाण्याच्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांना मात्र हे पाणी देऊ नये.

खड्डा खणण्याचे काम चैत्र-वैशाखात, जमीन कोरडी असताना करावे. टाकीतील गाळ दर महिन्यास काढावा आणि मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा वरचे दगड काढून, धुऊन, पुन्हा भरावेत. छपराचे पाणी शोषखड्ड्यात जाणार नाही अशी पन्हळ त्याच वेळी लावून घ्यावी.