परदेशातील फेलोशिप मला मिळेल का?

प्रश्न : मी दिग्रसचा. अमरावती विद्यापीठात राज्यशास्त्रात पीएच.डी. करतो आहे, विषय भारत-चीन सीमावाद. परदेशी राहून संशोधन करता येईल का?

उत्तर : नक्की येईल. हार्वर्डचे बेल्फर सेंटर आणि स्टॅनफर्डचे आंतरराष्ट्रीय सुरक्षा व सहकार्य केंद्र पीएच.डी. करणाऱ्यांनाही फेलो म्हणून घेत आली आहेत. मुख्य अपेक्षा ही, की तिथे राहून चर्चासत्रांत बसायचे आणि हातातले लेखन पुढे न्यायचे. निवडीत गावाच्या नावापेक्षा प्रस्तावाला वजन असते. ‘भारत-चीन संबंध’ हा नुसता विषय झाला. सीमेवर शांतता राखण्याचे 1993 आणि 1996 चे करार असूनही 2020 मध्ये गलवानला 20 जवान का गमवावे लागले, हा संशोधनाचा प्रश्न आहे. बहुतेक अर्ज इथेच कच्चे राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

अर्ज करण्याआधी दिल्लीतील मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेत काही दिवस वाचन करा. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, 1965 साली, ती सुरू झाली.

दोन पानी इंग्रजी प्रस्ताव लिहून आधी मार्गदर्शकांना दाखवा. मुदत आणि अटी दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावरच तपासा.