संहितेविना पात्र : दशावतार आणि संगणकीय भूमिकाखेळ
पात्रनिर्मितीचे श्रेय संहितेला देण्याची मराठी नाट्यसमीक्षेची सवय दशावतारापुढे अपुरी पडते. सिंधुदुर्गातील या नाट्यात संकासुराच्या वधानंतर आख्यान सुरू होते. नटाला कथानक ठाऊक असते. संवाद मात्र तो रंगमंचावरच उत्स्फूर्तपणे रचतो, रंगभूषाही स्वतःच करतो. तेव्हा लेखक कोण, यापेक्षा पात्राला मर्यादा कोण घालतो, हा प्रश्न अधिक मूलगामी होय. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ व बार्टल यांनी घडविलेल्या ‘मड’ या केवळ शब्दमय संगणकीय खेळातही खेळाडू नाव धारण करून बोलता बोलता पात्र साकारतो. साम्य इथवरच. रामाच्या भूमिकेतील दशावतारी नट हवे ते बोलू शकत नाही, कारण समोरचा श्रोता पुराण जाणतो (आणि बहुधा नटाहून अधिक!). ‘मड’मध्ये ते बंधन खेळाच्या नियमांपुरते व सहखेळाडूंच्या प्रतिसादापुरते उरते.