टाळेबंदीतील करमणूक: प्रकृती आणि खर्च यांचा मेळ

करमणुकीचा विषय आरोग्य व अर्थ विभागात कशाला, असे कोणी विचारील. २०२० सालापूर्वी मीही विचारले असते. त्या वर्षी शॅननमधल्या आमच्या घरात करमणूक, औषधे आणि बँकेचे खाते या तिन्ही गोष्टी एकाच जेवणाच्या टेबलावर आल्या.

माझी आई, वय ७२, जानेवारीत सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. परतीचे तिकीट २९ मार्चचे. २२ मार्चनंतर भारताने आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली आणि २७ मार्चच्या मध्यरात्रीपासून आयर्लंडमध्ये घराबाहेर पडण्यावर निर्बंध आले. आम्हांला व्यायामासाठी दोन किलोमीटरची मुभा होती. सत्तरीच्या पुढच्यांना मात्र घरातच राहायचे होते. विमानतळालगत वसलेल्या या गावात विमानाचा आवाज येईनासा झाला, आणि आईने तर आशेने कान लावून ठेवले होते.

पहिले दोन आठवडे तिने नुसते खिडकीशी बसून काढले. जेवण निम्म्यावर आले, दिवसा डुलक्या, रात्री जाग. एके रात्री म्हणाली, "माझं काही बरंवाईट झालं तर तुम्ही मला इथंच ठेवणार का गं?" मी तिला उत्तर दिले नाही, मला ते सुचलेच नाही.

आधी औषधांचे सांगते. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि भारतातली चिठ्ठी इथल्या दुकानात चालेना. डॉक्टरांनी फोनवर विचारपूस केली आणि चिठ्ठी ई-मेलने थेट औषधाच्या दुकानात पाठवली. ही सोय त्याच वर्षी सुरू झाली. पाहुण्या माणसाला पूर्ण फी पडते हे लक्षात ठेवावे. आईवडिलांना बोलावताना गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आणि औषधाचे मूळ नाव (कंपनीचे नव्हे) लिहून ठेवावे. एकच औषध दोन्ही देशांत वेगळ्या नावाने विकले जाते.

दुसरी गोष्ट उन्हाची. आई काचेआड उन्हात बसत असे आणि मला बरे वाटे. पण ज्या किरणांमुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, ते काच अडवते. शिवाय शॅनन सुमारे ५२.७ अक्षांशावर, हिवाळ्यात इथल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही, आणि सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. इथल्या आरोग्य खात्याने पुढे ६५ वर्षांवरील सर्वांना रोज १५ मायक्रोग्रॅम घेण्याचा सल्ला दिला. डॉक्टरांना विचारून आम्ही ते सुरू केले आणि खुर्ची मागच्या अंगणात नेली. त्याच खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायचे, बसायचे, हाही नेम ठेवला. म्हातारपणी पाय वापरले नाहीत तर स्नायू फार लवकर उतरतात.

पण माझ्या मते आईला खरी उभारी दिली ती कामाने. शाळा बंद, म्हणून ३० मार्चपासून सरकारी दूरदर्शनवर, म्हणजे आरटीईवर, रोज सकाळी ११ वाजता मुलांचे वर्ग लागत. आजी नातीबरोबर बसू लागली. गणिताची ती पद्धत तिला पटेना! तिने स्वतः शिकवायला घेतले: पावकी, निमकी, दिडकी. महिनाभरात माझी लेक "सातं दिडकी साडेदहा" म्हणू लागली. दुपारी अडीचला सांगलीत सात वाजत. त्या वेळी मावशी फोनवर येई आणि भेंड्या रंगत. संध्याकाळी बदाम सात. वाचनालय बंद होते, पण त्याच्या मोफत कार्डावर 'बॉरोबॉक्स'मधून पुस्तके वाचता व ऐकता येत. ती सोय आजही आहे. या कशालाच पैसे पडले नाहीत.

पैसे पडले ते माझ्या करमणुकीला. पहिला महिना फुकट म्हणून मी चित्रपटांच्या, गाण्यांच्या चार वर्गण्या घेतल्या आणि विसरले. चाळीस वर्षे घरखर्चाची वही लिहिलेल्या आईने एक दिवस माझे बँकेचे विवरण मागून घेतले. महिन्याला ४१ युरो! "हे कोण बघतं?" एवढेच तिने विचारले. दोन वर्गण्या तर कोणीच उघडल्या नव्हत्या. फुकट महिना घेतलात तर त्याच दिवशी रद्द करण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी.

घरून काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. वीज, हीटिंग व इंटरनेट यांच्या खर्चावर करात सवलत मिळते. २०२२ पासून हा हिशेब ३० टक्क्यांचा आहे. वर्षाची बिले ३,००० युरो आणि घरून काम १४६ दिवस, म्हणजे वर्षाचे ४० टक्के, असे धरा: १,२०० युरोंचे ३० टक्के ३६० युरो. वीस टक्के कर भरणाऱ्यास ७२, चाळीस टक्केवाल्यास १४४ युरो परत. मालकाने त्यापोटी काही दिले असेल तर ते वजा करावे. मागील चार वर्षांपर्यंतचा दावा करता येतो, म्हणून बिले टाकू नयेत. आमच्या ओळखीच्या एकांना काम थांबल्यावर आठवड्याला ३५० युरोंचे साहाय्य मिळाले. ते करपात्र होते हे त्यांना नंतर कळले. २०२० च्या रकमेवरचा कर २०२२ पासून चार वर्षांत कापला जाऊ लागला, तेव्हा पगार कमी का आला म्हणून ते मलाच विचारत होते.

५ मे रोजी सत्तरीच्या लोकांना फिरायची परवानगी मिळाली, पाच किलोमीटरपर्यंत. आई नदीमुखाच्या काठी शंभर पावले चालली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी दोनशे. ऑगस्टमध्ये विशेष विमानात जागा मिळाली व ती परतली. तिची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर चार वर्गण्यांची नावे, तीनांवर काट, आणि चौथीपुढे तिच्या अक्षरात: "हिला विचारून."